ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांची माहिती गावात कशी गोळा करावी, कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये

बीड, जालना, परभणी, धाराशिव जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तरुण मंडळं, बचत गट, शिक्षक आणि लहान संस्था 'स्थलांतरित मुलांचा सर्व्हे' करतात. हेतू चांगला असतो, कष्टही खरे असतात. तरी त्यातले बरेच सर्व्हे लेकरांच्या कामी येत नाहीत. घरांना कुलपं लागल्यावर काम सुरू होतं. दारात 'पोरगा शाळेत जातो का?' एवढंच विचारलं जातं. आणि शेवटी नावं, फोटो, मोबाइल नंबर असलेली यादी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते. पहिल्या दोन चुकांमुळे मेहनत वाया जाते, तिसरीमुळे लेकराचं नुकसान होतं.

खाली दिलेला क्रम पाळा. वाटेत काही अडलं तर एक गोष्ट धरून ठेवा: आकडा उघडा, नाव बंद.

## टप्पा १ : प्रश्न एकच, व्याख्या लेखी

सर्व्हेचा प्रश्न असा ठेवा: या हंगामात आपल्या गावातलं कोणतं लेकरू शाळेपासून तुटणार आहे, आणि ते तुटू नये म्हणून काय लागेल? फॉर्म तयार होऊ लागला की प्रत्येक जण आपला प्रश्न त्यात घालतो. संडास आहे का, रेशनकार्ड कोणतं, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) किती घेतली. ज्या उत्तरावर तुम्ही काहीच करणार नाही, तो प्रश्न विचारू नका. उचलीचा आकडा तर मुळीच नको. तो विचारला की घरचा माणूस तुम्हाला मुकादमाचा (मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराचा) किंवा वसुलीचा माणूस समजतो आणि पुढचं सगळं बोलणं आटतं.

व्याख्या कागदावर लिहा आणि सगळ्या गटाला वाचून दाखवा.

- मूल म्हणजे १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती. वयाचे तीन रकाने करा: ६ वर्षांखालची, ६ ते १४, आणि १४ ते १८. २००९ चा शिक्षण हक्क कायदा यातल्या मधल्या, म्हणजे ६ ते १४ च्या गटासाठी आहे. लहानांचा संबंध अंगणवाडीशी येतो. मोठ्यांना धोका कोयत्याचा, म्हणजे ऊसतोडीला लागण्याचा, आणि बालविवाहाचा.
- शाळाबाह्य म्हणजे शाळेत कधीच न घातलेलं, किंवा नाव असूनही सलग एक महिना वा त्याहून जास्त काळ गैरहजर असलेलं मूल. म्हणून 'पटावर नाव आहे' हे उत्तर पुरेसं धरू नका.
- हंगामाच्या दृष्टीने प्रत्येक मूल तीनपैकी एका गटात बसवा: सोबत जाणार, गावात राहणार, अजून ठरलेलं नाही.

तिसरा गट बहुतेक फॉर्ममध्ये नसतोच. खरं तर वेळेवर बोललं तर निर्णय बदलू शकतो तो याच घरांत.

## टप्पा २ : वेळ पकडा

फेऱ्या तीन लागतात.

पहिली फेरी पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंत. बहुतेक घरांनी तोवर उचल घेतलेली असते. कारखाना कोणता, गाडी कोणाची, टोळीत (तोडणी मजुरांच्या गटात) कोण, हे ठरलेलं असतं. हंगामी वसतिगृहासाठीही (पालक गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांच्या सोयीसाठी) हीच वेळ महत्त्वाची. ही सोय मूळ गावात, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. मागे राहणाऱ्या मुलांची संख्या आधी हातात नसेल तर प्रस्ताव उशिरा जातो आणि मंजुरी येईपर्यंत लेकरं फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, पोहोचलेली असतात.

दुसरी फेरी टोळ्या गेल्यावर, कार्तिकी एकादशीच्या सुमारास. 'राहणार' म्हणून सांगितलेली किती लेकरं खरंच राहिली, ते आता पाहायचं.

तिसरी फेरी गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया, टोळ्या परततात तेव्हा.

दिवसा सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असते, घरी फक्त म्हातारी माणसं सापडतात. संध्याकाळी, दिवे लागल्यावर जा. आठवडी बाजाराचा दिवस टाळा.

> तपासा: पहिली फेरी दसऱ्याच्या आत संपते आहे का? नसेल तर गाव लहान घ्या, एखादी वाडीच घ्या, पण वेळ चुकवू नका.

## टप्पा ३ : माणसं आणि परवानगी

प्रत्येक जोडीत एक बाई हवीच. वस्तीतलं किंवा तांड्यावरचं एक माणूस सोबत घ्या. तांड्यावर काम सुरू करण्याआधी नायक-कारभाऱ्यांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना, भेटून उद्देश सांगा. मुकादम किंवा त्याच्या घरातलं कोणी गटात नको. माणूस कितीही भला असला तरी त्याच्यासमोर आई मोकळी बोलणार नाही.

ग्रामपंचायतीला आणि मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ चा उल्लेख करा. आपल्या हद्दीत राहणाऱ्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहणं, ही दोन्ही कामं या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहेत. तुम्ही त्यांच्याच कर्तव्यात हात लावता आहात. पत्राची भाषा तशीच ठेवा, विनवणीची नको.

## टप्पा ४ : दोन वह्या

सगळ्या कामाचा कणा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

नाववही: अनुक्रमांक, मुलाचं नाव, पालकांचं नाव, वस्ती, संपर्क. एवढंच.

माहितीवही: तोच अनुक्रमांक, वयोगट, मुलगा की मुलगी, इयत्ता, गट (जाणार, राहणार, ठरलं नाही), कोणत्या तालुक्यात जाणार, मागे कोणापाशी राहणार, काय लागेल. या वहीत नाव कुठेच नाही.

दोन वह्या जोडणारा धागा फक्त तो क्रमांक. क्रमांक सरळ १, २, ३ असाच द्या. नावाची आद्याक्षरं किंवा जन्मतारीख वापरून संकेत बनवू नका. चारशे उंबऱ्यांच्या गावात तो कोणीही ओळखतो.

नाववही एकाच व्यक्तीकडे, कुलपात. माहितीवही गटाला वापरता येते, आकडे तिच्यातूनच काढायचे. आधार क्रमांक, बँक खातं, जात यांचे रकाने ठेवू नका. या कामाला त्यांची गरज नाही, आणि जे गोळा केलंच नाही ते फुटत नाही.

मोबाइलवर फॉर्म भरणार असाल तर नावांचा फॉर्म वेगळा, आकड्यांचा वेगळा. 'लिंक असलेल्या कोणालाही दिसेल' ही सोय बंद आहे ना, ते दुसऱ्याच्या फोनवरून उघडून पाहा. वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवण्याची सवय गटात पहिल्या दिवसापासून मोडा. याद्या फुटतात त्या बहुतेक अशाच: 'जरा बघून घ्या' म्हणून पाठवलेला एक फोटो.

> तपासा: माहितीवहीचं एक पान गटाबाहेरच्या, पण गावातल्या माणसाला दाखवा. त्याने एक जरी लेकरू ओळखलं तर रकाने जास्त झाले आहेत.

## टप्पा ५ : दारात काय विचारायचं

'पोरगा शाळेत जातो का?' या प्रश्नाला कोणीही 'हो' म्हणेल. शिक्षण चांगलं, हे सगळ्यांना माहीत आहे. परक्या माणसासमोर 'नाही' म्हणणं लाजेचं वाटतं. म्हणून मत विचारू नका, घडलेलं विचारा.

आधी ओळख आणि उद्देश: "मावशी, आम्ही गावातलेच. हंगामात लेकरांची शाळा कशी चालू ठेवता येईल ते पाहतो आहोत. नाव आमच्या वहीतच राहील, तुम्हाला विचारल्याशिवाय कोणाला दाखवणार नाही. नको वाटलं तर सांगू नका, त्यानं काही बिघडत नाही." हे शेवटचं वाक्य गाळू नका. त्याशिवाय दिलेला होकार, होकार नव्हे.

मग पुढचे प्रश्न, याच क्रमाने:

1. घरात लेकरं किती? सगळ्यात थोरलं कोण, सगळ्यात धाकटं कोण? (थोरल्यापासून धाकट्यापर्यंत मोजलं की कोणी सुटत नाही.)
2. आजोळी, बहिणीकडे, कामावर असलेलं कोणी आहे का? (कामावर लावलेली आणि सासरी पाठवलेली लेकरं या प्रश्नातूनच कळतात.)
3. मागच्या साली दिवाळीनंतर हा कुठं होता? तिथं दिवसभर काय करायचा?
4. या आठवड्यात शाळेत कोणत्या दिवशी गेला होता?
5. यंदा टोळी कुठं चालली?
6. लेकरं कोणापाशी राहणार? रात्री कोणापाशी झोपणार? स्वयंपाक कोण करणार?
7. काय सोय झाली तर हे लेकरू मागं ठेवाल?

सहाव्या प्रश्नावर थांबा, घाई करू नका. 'आजीपाशी राहील' हे उत्तर कागदावर 'सोय आहे' असं दिसतं. आजीला दिसत नसेल, तर तेरा वर्षांची नातच घर चालवते. पाणी आणते, भाकरी थापते, धाकट्यांना सांभाळते आणि शाळा बुडवते. अशी मुलगी स्थलांतरितांच्या यादीत येत नाही, कारण ती गावातच आहे. तिच्यासाठी माहितीवहीत वेगळी खूण ठेवा.

सातव्या प्रश्नाची उत्तरं घरच्याच शब्दांत लिहा. एक आई म्हणेल 'दोन वेळचं जेवण', दुसरी म्हणेल 'पोरगी वयात आली, एकटी कशी ठेवू'. दोन्ही उत्तरं 'वसतिगृह हवे' या एका शब्दात कोंबली तर दुसऱ्या आईची खरी अडचण हरवते. तिला मुलींसाठी रात्रीची सुरक्षित, बाईमाणूस असलेली सोय हवी आहे. ती नसेल तर अशा घरात पोरीला फडावर नेण्याचा किंवा तिचं लग्न लावून मोकळं होण्याचा विचार चालू असू शकतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी धरली जाते आणि उचलही जोडीला मिळते. बालविवाहामागे हा हिशोब असतो, हे गटातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

दारात करू नका: शिकवण देणं, कायद्याची भीती घालणं, 'नाव लिहा, काहीतरी मिळेल' असं म्हणणं. योजनेचं आमिष दिसलं की लेकरांची वयं आणि संख्या दोन्ही बदलतात. पुढच्या वर्षी तेच दार तुमच्यासाठी बंद होतं.

## टप्पा ६ : लेकरांशी बोलताना

पालकांची परवानगी हवीच, त्याशिवाय लेकराचीही हवी. उघड्यावर बोला: ओट्यावर, झाडाखाली, जिथून इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही. मुलीशी गटातल्या बाईनेच बोलावं. फोटो नाही, आवाज रेकॉर्ड करणं नाही. 'तुझे वडील दारू पितात का, मारतात का' असले प्रश्न नाहीत. 'मागच्या साली फडावर सकाळी उठल्यापासून काय काय करायचास?' एवढं विचारलं तरी लेकरू वाढे (उसाचे शेंडे) गोळा करण्यापासून कोपीत (झोपडीत) धाकट्याला सांभाळण्यापर्यंत सगळं सांगतं. ते कंटाळलं किंवा गप्प झालं की थांबा.

## इथे सर्व्हे थांबतो

काही गोष्टी कळल्या तर त्या वहीत रकान्यात भरून पुढच्या घरी जायचं नाही.

लग्न ठरलं आहे (मुलगी १८ खाली किंवा मुलगा २१ खाली): ग्रामीण भागात ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला कळवा, आणि १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर फोन करा. हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. लग्न आजच लागत असेल तर ११२.

लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं: पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा ठरतो. तुम्ही स्वतः चौकशी करू नका, लेकराला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, गावात बैठक घेऊ नका. त्याने आपणहून जेवढं सांगितलं तेवढंच, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

१४ वर्षांखालचं मूल मजुरीला लावलं आहे, किंवा मूल अगदी निराधार आहे: १०९८ आणि जिल्ह्याची बाल कल्याण समिती.

> सावधान: यातली कोणतीही माहिती गटाच्या ग्रुपवर टाकू नका. गटप्रमुख आणि ज्याला कळलं ती व्यक्ती, एवढ्या दोघांतच ठेवा.

## टप्पा ७ : पडताळणी

तुमचा आकडा तीन ठिकाणी घासून पाहा: शाळेचं हजेरीपत्रक, अंगणवाडीची नोंद आणि मागच्या हंगामातली ऑक्टोबर ते मार्चची हजेरी. शिक्षकांकडे नावांची यादी मागू नका, त्यांच्या शेजारी बसून आकडे जुळवा. फरक आला तर कोण चुकलं याचा वाद न घालता कारण शोधा. बऱ्याचदा कारण साधं असतं: एकच मूल आजोळच्या शाळेत आणि गावच्या शाळेत, दोन्हीकडे पटावर असतं.

तालुक्याचं चित्र हवं असेल तर माहिती अधिकार वापरा. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. विचारायचं असं: 'मागील शैक्षणिक वर्षात स्थलांतरित विद्यार्थ्यांना शाळानिहाय किती शिक्षण हमी पत्रके दिली? हंगामी वसतिगृहे किती गावांत मंजूर झाली, कोणत्या तारखेला सुरू झाली?' (शिक्षण हमी पत्रक म्हणजे स्थलांतरित मुलाला नव्या ठिकाणच्या शाळेत दाखवायला मूळ शाळेने दिलेलं पत्र.) मुलांची नावं मागू नका. उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. 'सुरू झाल्याची तारीख' मुद्दाम विचारा, मंजुरीच्या तारखेवरून उशीर कळत नाही.

## टप्पा ८ : कोणाला काय द्यायचं

एकच अहवाल सगळ्यांना वाटला तर एकाला नको ती माहिती जाते आणि दुसऱ्याला हवी ती मिळत नाही.

मुख्याध्यापकांना: त्यांच्याच शाळेतल्या, सोबत जाणाऱ्या मुलांची नावं, पालकांच्या होकाराने, बंद पाकिटात. या नावांवर एक काम होणं आवश्यक आहे: गाव सोडण्याआधी प्रत्येकाच्या हाती शिक्षण हमी पत्रक. टोळीची गाडी भरण्याच्या दिवशी ते देऊ म्हटलं तर राहून जातं, चार दिवस आधीच द्या.

शाळा व्यवस्थापन समितीला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना: मागे राहणाऱ्या आणि 'ठरलं नाही' गटातल्या मुलांचे आकडे, मुली किती, मुलगे किती, आणि सातव्या प्रश्नातून निघालेल्या गरजा. नावं नाहीत. एका पानात बसवा, खाली नेमकी मागणी आणि तारीख. पोच घ्या.

ग्रामसभेला: फक्त एकूण आकडे आणि ठरावाचा मसुदा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा बहुधा टोळ्या निघण्याआधी येते, तीच गाठा. ठरावात 'प्रयत्न करावेत' असं लिहू नका. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहा.

ग्राम बाल संरक्षण समितीला: घर चालवणाऱ्या मुली आणि एकटी राहणारी लेकरं यांची संख्या. नाव फक्त त्या सदस्याला, जो त्या घरी प्रत्यक्ष जाणार आहे.

काम झालं नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे, आणि पुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो, म्हणून तक्रार पहिल्याच दिवाळीत करा.

## टप्पा ९ : जाहीर करताना

गटातला एखादा म्हणतो, 'फोटो टाकल्याशिवाय कोणी लक्ष देत नाही.' त्याची तळमळ खरी असते, तरी इथे नाहीच म्हणायचं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मजुरीला लावलेलं आणि लग्नाच्या उंबरठ्यावर असलेलं मूल या व्याख्येत बसतं. चेहरा धूसर केला तरी गावाची पाटी, घर, आईचं लुगडं यावरून ओळख पटते.

बातमीदाराला द्यायचा मजकूर आकड्यांचा आणि तारखांचा असावा: किती मुलं, किती हमी पत्रकं, वसतिगृह कधी सुरू व्हायला हवं होतं, कधी झालं. वाडीचं नाव न देता तालुका द्या. पाचपेक्षा कमी मुलांचा आकडा असेल तर तो सुटा न देता 'पाचपेक्षा कमी' असं लिहा. 'अमुक वाडीत १३ ते १४ वयाची एक मुलगी शाळाबाह्य' या वाक्यात नाव नाही, पण सगळ्या गावाला ते ऐकू येतं.

आणि पहिल्यांदा आकडे कोणाला सांगायचे? ज्यांनी दिले त्यांना. छापून येण्याआधी वस्तीवर एक संध्याकाळ बसा, काय निघालं ते सांगा, चूक वाटलं तर दुरुस्त करून घ्या.

## टप्पा १० : पोहोचल्यावर आणि परतल्यावर

टोळी पोहोचली की आठ-दहा दिवसांत पालकांना फोन करा. जवळची शाळा कोणती, हमी पत्रक दाखवलं का, शिक्षकांनी बसू दिलं का, एवढंच विचारा. दाखला नाही म्हणून कोणी परत पाठवलं तर त्या मुख्याध्यापकांशी नम्रपणे बोला. कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याला जाणाऱ्यांसाठी हे पुरतं. कर्नाटकात जाणाऱ्यांना प्रवेशाचा हक्क तोच आहे, फक्त माध्यमाची अडचण येते. निपाणी, बेळगाव भागात मराठी शाळा आहेत, त्यांची चौकशी निघण्याआधी करून ठेवा.

परतलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवणं आणि मागं पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण देणं, हे कलम ४ मध्ये आहे. तिसऱ्या फेरीत प्रत्येक क्रमांकापुढे तीनच नोंदी करा: परत आलं का, वर्गात बसलं का, नसेल तर का. ज्या क्रमांकापुढे 'परत आलं नाही' असं लिहावं लागेल, त्या घरी त्याच दिवशी जा. लेकरू दुसऱ्या कामावर लागलं आहे की सासरी गेलं आहे, ते कळेपर्यंत तो क्रमांक उघडाच ठेवा.

नव्या हंगामाची वही सुरू झाली की जुनी नाववही गटासमोर फाडून जाळा. माहितीवही ठेवा, पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी जुळवायला ती लागते.